विणकरांची दगडी आळी

इंग्लंडांतील स्थापत्य म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें राजवाडे आणि उंच शिखरांचीं प्रार्थनामंदिरें उभीं राहतात. परंतु साध्या माणसाचें घर कसें बांधावें व कसें टिकवावें, हें पाहावयाचें असेल, तर ग्लॉस्टरशायर परगण्यांतील बायबरी गांवची ‘आर्लिंग्टन रो’ ही आळी पाहावी. कोल्न नदीजवळ एकास एक लागून असलेलीं हीं लहान घरें कोणा सरदाराचीं नसून विणकरांचीं होत.

मूळ इमारत मात्र राहण्यासाठीं नव्हती. इ. स. १३८० च्या सुमारास एका मठाची लोकर सांठविण्याकरितां ती बांधण्यांत आली. पुढें सतराव्या शतकांत त्या कोठाराचींच घरें करण्यांत आलीं. समोरच्या पाणथळ कुरणास ‘रॅक आइल’ म्हणतात. तेथें लांकडी चौकटींवर कापड वाळत घालीत. पलीकडे आर्लिंग्टनची पाणगिरणी. माग, गिरणी आणि वाळवण, सर्व कांहीं हांकेच्या अंतरावर!

भिंतींचा मधाळ रंगाचा चुनखडीचा दगड कॉट्सवोल्ड टेकड्यांतलाच. उतरत्या छपरावरहि त्याच दगडाच्या चिपा. वळचणीपाशीं मोठ्या आणि आढ्याकडे जावें तों तों लहान, अशी त्यांची रचना असते. ही केवळ शोभा नव्हे. मोठ्या चिपांचा भार भिंतींवर पडतो, आणि जेथें पाणी सर्वांत अधिक वाहतें तेथें सांधे कमी राहतात. शिवाय खाणींतून निघालेल्या लहान-मोठ्या प्रत्येक तुकड्यास जागा मिळते. योजकाचें चातुर्य तें हेंच. छपरांतून पुढें आलेल्या त्रिकोणी माथ्याच्या खिडक्यांमुळें माळ्यावरहि उजेड येतो.

राजवाड्यांस रक्षक मिळतात. झोपड्यांस कोण विचारतो? इंग्लंडांत ही जाणीव झाली, आणि १९२९ सालीं ‘रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्‌स’ या संस्थेनें ही आळी विकत घेतली. १९४९ सालीं ती ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेकडे आली. आजहि तेथें भाडेकरू राहतात. प्रवाशांची गर्दी फार. तथापि हा देखावा नसून लोकांचीं राहतीं घरें आहेत, हें पाहणारांनीं विसरूं नये.

कोठाराचें घर झालें, म्हणूनच तें उरलें. नुसत्या कौतुकानें वास्तु टिकत नाहीं. तिला नवें काम द्यावें लागतें आणि आंत माणसें नांदावीं लागतात. जुनें घर पाडावयास निघालेल्या गृहस्थानें कुदळ उचलण्यापूर्वीं एवढा विचार अवश्य करावा.