घरगुती संगणकाची निवड : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

संगणक ही आज शिक्षण, नोकरी व शासकीय व्यवहार या तिन्ही क्षेत्रांतील मूलभूत गरज झाली आहे. तथापि घरासाठी कोणत्या प्रकारचा संगणक घ्यावा, याचा विचार बहुतेक वेळा दुकानात गेल्यावरच सुरू होतो आणि किंमत विचारण्यापाशीच संपतो. मोठ्या शहरातील नोकरदार कुटुंबात चुकलेली निवड वर्ष-दोन वर्षांत दुरुस्त करता येते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात परिस्थिती वेगळी आहे. कापूस वा सोयाबीन विकल्यानंतर हाती आलेल्या रकमेतून मुलाला वा मुलीला संगणक घेऊन देणाऱ्या कुटुंबाला ही संधी पाच-सात वर्षांतून एकदाच मिळते. प्रवेश झाल्यानंतर विद्यार्थी व पालक सल्ला विचारतात तो महाविद्यालयातील प्राध्यापकांनाच. म्हणून हा प्रश्न केवळ संगणकशास्त्र विभागाचा राहत नाही. प्रस्तुत लेखात डेस्कटॉप, लॅपटॉप, ऑल-इन-वन, क्रोमबुक व टॅबलेट या पर्यायांचा जिल्ह्यातील परिस्थितीच्या आधारे विचार केला आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ असून तिच्यातील सुमारे ७८ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीत देशातील नागरी भागात २३.४ टक्के, तर ग्रामीण भागात केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक असल्याचे आढळले. याचा अर्थ असा की, ग्रामीण घरात येणारा संगणक हा बहुधा त्या घरातील पहिला आणि एकमेव संगणक असतो. त्याच्याकडून संपूर्ण कुटुंबाच्या अपेक्षा असतात.

पर्यायांची वाढ

निवडीचा प्रश्न सर्वस्वी नवा नाही. १९८० च्या दशकात घरगुती संगणक म्हणजे दूरदर्शन संचाला जोडावयाचा कळफलक असे. ब्रिटनमध्ये १९८२ साली आलेल्या स्पेक्ट्रम या संगणकाची भारतीय आवृत्ती त्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्यातील एका कंपनीने बाजारात आणली होती. १९८१ मध्ये आयबीएमने आणलेल्या पर्सनल कॉम्प्युटरच्या धर्तीवरील यंत्रे पुढे सर्वत्र रूढ झाली. त्यांचे सुटे भाग वेगवेगळ्या उत्पादकांकडून घेऊन जोडता येत असल्यामुळे तालुक्याच्या ठिकाणीही संगणक जोडून देणारे तंत्रज्ञ तयार झाले. २००२ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाच्या निमित्ताने गावोगावी जी संगणक केंद्रे उभी राहिली, त्यांतही प्रामुख्याने असेच डेस्कटॉप होते. क्रोमबुक २०११ मध्ये जगाच्या बाजारात आले आणि त्याच वर्षी भारतात शासनपुरस्कृत आकाश टॅबलेटची घोषणा झाली. पर्याय वाढले, परंतु निवडीचे निकष मात्र त्या प्रमाणात स्पष्ट झाले नाहीत.

पहिला निकष : कामाचे स्वरूप

संगणक वाचण्या-पाहण्यासाठी हवा की लिहिण्यासाठी, हा पहिला प्रश्न होय. स्वयम्‌सारख्या संकेतस्थळावरील व्याख्याने ऐकणे, पुस्तके वाचणे, अर्ज भरणे ही कामे टॅबलेटवर उत्तम होतात. परंतु प्रकल्प अहवाल, शोधनिबंध वा गुणतक्ते तयार करावयाचे असल्यास कळफलक व मोठा पडदा अपरिहार्य ठरतो. शासकीय लिपिक पदासाठी मराठी टंकलेखन ३० आणि इंग्रजी टंकलेखन ४० शब्द प्रति मिनिट ही अट सर्वांना परिचित आहे. त्या परीक्षेचा सराव काचेच्या पडद्यावर बोट फिरवून होत नाही. त्यासाठी पूर्ण आकाराचा कळफलकच लागतो.

मराठीतून लेखन करणाऱ्यांसाठी येथे आणखी एक बाब निर्णायक आहे. श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणाली आणि कृतिदेवसारखे जुने टंक हे मुख्यतः विंडोजवरील कामासाठी वापरात आले. अनेक मुद्रणालये व काही नियतकालिके आजही लेख त्या टंकांत मागतात. क्रोमबुकवर विंडोजची सॉफ्टवेअर थेट बसविता येत नाहीत. युनिकोडमधील मराठी मात्र विंडोज, लिनक्स, मॅक, क्रोमबुक व अँड्रॉइड या सर्वांवर चालते. म्हणून ज्यांचे सर्व लेखन युनिकोडमध्ये होते, त्यांना पर्याय मोकळे आहेत. ज्यांच्याजवळ जुन्या टंकांतील प्रबंध व टिपणांचा साठा आहे, त्यांनी विंडोजवर चालणारे यंत्र घेणेच सोयीचे ठरते.

दुसरा निकष : वीज व तापमान

डेस्कटॉपला वीज अधिक लागते, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो गणिताने तपासता येतो. एलईडी मॉनिटरसह साधा डेस्कटॉप १०० वॉट आणि लॅपटॉप ४० वॉट वीज घेतो असे मानले आणि वर्षातील ३०० दिवस रोज पाच तास वापर धरला, तर डेस्कटॉपला १५० व लॅपटॉपला ६० युनिट वीज लागेल. वर्षाचा फरक ९० युनिटांचा, म्हणजे महिन्याला साडेसात युनिटांचा होतो. केवळ एवढ्यासाठी लॅपटॉपची निवड करणे समर्थनीय नाही.

खरा प्रश्न वीज किती लागते हा नसून ती अचानक गेल्यावर काय होते, हा आहे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत विदर्भातील घरांनी तो अनुभवला आहे. ग्रामीण भागात पावसाळ्याच्या तोंडावर वादळामुळे वीज खंडित होणे आजही नवे नाही. सामान्य यूपीएस डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटे आधार देतो. तेवढ्यात काम सुरक्षित ठेवून संगणक बंद करता येतो, परंतु काम पुढे नेता येत नाही. घरात इन्व्हर्टर असल्यास त्यावरील यूपीएस मोड वापरावा, अन्यथा वीज बदलण्याच्या क्षणी संगणक पुन्हा सुरू होण्याचा संभव असतो. लॅपटॉपमध्ये बॅटरी अंगभूत असल्यामुळे ही अडचण उरत नाही. दोन-तीन तास वीज जाणाऱ्या गावात हा त्याचा मोठा गुण होय.

तथापि या गुणाला उन्हाळ्याची मर्यादा आहे. अनेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकांत वापराची कमाल तापमान मर्यादा ३५ अंश सेल्सिअस दिलेली असते, तर मे महिन्यात यवतमाळचे तापमान ४४-४५ अंशांच्या घरात जाते. उष्णतेमुळे लिथियम-आयन बॅटरीची क्षमता लवकर घटते. गादीवर ठेवून वापरलेल्या लॅपटॉपच्या तळाशी असलेले हवेचे मार्ग बंद होतात आणि हानी वाढते. डेस्कटॉपलाही उष्णता बाधते, परंतु त्याच्या पेटीत हवा खेळण्यास जागा असते आणि पंख्यावर साचलेली धूळ घरच्या घरी काढता येते.

तिसरा निकष : दुरुस्ती

डेस्कटॉपचा कळफलक, रॅम, हार्ड डिस्क वा पॉवर सप्लाय स्वतंत्रपणे बदलता येतो आणि हे काम पुसद, वणी, दारव्हा यांसारख्या गावांतील स्थानिक तंत्रज्ञही करतात. ऑल-इन-वन संगणक दिसायला सुबक व जागा वाचविणारा असतो, परंतु त्याचा पडदा आणि अंतर्गत भाग एकाच चौकटीत असल्याने एक बिघाड संपूर्ण यंत्र बंद ठेवतो. अलीकडील अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पटलावरच पक्की बसविलेली असते, ती नंतर वाढविता येत नाही. म्हणून लॅपटॉप घेताना किमान आठ जीबी रॅम व एसएसडी आहे का, आणि रॅम पुढे वाढविता येईल का, हे दोन्ही विचारावे. अधिकृत सेवा केंद्र कोठे आहे, हेही खरेदीपूर्वी पाहणे अगत्याचे आहे. वणीच्या ग्राहकाला चंद्रपूर आणि उमरखेडच्या ग्राहकाला नांदेड जवळचे वाटते. त्यामुळे जिल्ह्याच्या मुख्यालयी केंद्र असणे सर्वांनाच उपयोगी पडेल असे नाही.

जुन्या संगणकाचा प्रश्न

नवा संगणक खरोखर हवा आहे काय, हा प्रश्नही विचारात घेतला पाहिजे. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी सुरक्षा सुधारणांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जाहीर झाली. २०१८ पूर्वीचे बहुसंख्य संगणक विंडोज ११ च्या अटी पूर्ण करीत नाहीत. याचा अर्थ ते निकामी झाले असा नव्हे. अशा संगणकात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून लिनक्स प्रणाली घातली, तर लेखन, वाचन व इंटरनेटसाठी तो आणखी काही वर्षे काम देतो. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेशी संबंधित असलेली बॉस ही भारतीय लिनक्स प्रणालीही उपलब्ध आहे. जुना वापरलेला संगणक विकत घेतानाही हीच दक्षता घ्यावी : तो विंडोज ११ साठी पात्र आहे की त्यावर लिनक्स वापरावे लागेल, हे आधी ठरवावे.

समारोप

वरील विवेचनावरून एकच संगणक सर्वांसाठी श्रेष्ठ ठरत नाही. ज्या घरात दोन-तीन व्यक्ती एका जागी बसून आळीपाळीने काम करतात आणि वीज बऱ्यापैकी स्थिर आहे, तेथे यूपीएससह डेस्कटॉप हा सर्वांत टिकाऊ व दुरुस्तीस सुलभ पर्याय होय. वसतिगृहात राहणाऱ्या वा रोज गावाहून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यास आणि वारंवार वीज जाणाऱ्या गावातील कुटुंबास लॅपटॉप घेणे इष्ट ठरते. क्रोमबुक हे सतत इंटरनेट असलेल्या व युनिकोडमध्ये लिहिणाऱ्या व्यक्तीस पुरेसे आहे. टॅबलेट हा संगणकाचा साथीदार आहे, त्याची जागा घेणारा नव्हे.

मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत एकाच मोबाइलवर दोन भावंडांचे वर्ग चालल्याचे प्राध्यापकांनी पाहिले आहे. त्या काळातील गैरसोय साधनांच्या अभावाची होती. आज साधने उपलब्ध आहेत, पण अयोग्य साधनावर खर्च झालेला पैसा विद्यार्थ्याला पुन्हा त्याच मोबाइलकडे नेतो. म्हणून सल्ला विचारणाऱ्या पालकास यंत्राचे नाव सांगण्यापूर्वी तीन प्रश्न विचारणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरते : काम कोणते, वीज कशी आणि दुरुस्ती कोठे. या तीन उत्तरांनंतर किंमतीचा विचार करावा, त्यापूर्वी नव्हे.