सही जुळत नाही

बाबांच्या पत्र्याच्या पेटीत वरच्या थरात विजेची बिलं, मधे आमची प्रगतिपुस्तकं आणि तळाशी, कॅलेंडरच्या जुन्या पानात गुंडाळलेले, शेअर होते. एकूण एकतीस सर्टिफिकेटं. जाड कागद, नोटेसारखी वेलबुट्टीची चौकट, कोपऱ्यात कंपनीचा उठावाचा शिक्का. बोट फिरवलं की तो अजून हाताला लागतो.

बाबा साताऱ्याला जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात होते. शेअर घेणं हा त्यांचा छंद होता, पण त्यात बाजार फारसा नव्हता, टपाल जास्त होतं. नव्या इश्यूचे फॉर्म पुण्याहून यायचे. ते भरायचे, चेक जोडायचा आणि वाट बघायची. शेअर लागले तर अलॉटमेंट लेटर, नाही लागले तर रिफंड ऑर्डर. १९९२पर्यंत इश्यूची किंमत दिल्लीतल्या भांडवल नियंत्रकाच्या मंजुरीने ठरायची, त्यामुळे चांगल्या कंपनीचा शेअरही पुष्कळदा बाजारभावापेक्षा स्वस्तात मिळे. म्हणजे लॉटरी लागायची ती शेअर मिळण्यातच. पुढचं आपोआप, असा त्यांचा हिशेब.

एकतीसपैकी सव्वीस रद्दी निघाली. १९९४-९५च्या इश्यूंच्या पुरातली ही मंडळी: सागवान लागवड, ग्रॅनाइट, कोळंबीची शेती. अशा कंपन्यांतल्या ज्या पैसे गोळा करून पसार झाल्या त्यांना सरकारी भाषेत ‘व्हॅनिशिंग कंपन्या’ म्हणतात. सरकारी भाषा इतकी नेमकी क्वचितच असते. यातल्या प्रत्येक कंपनीची कात्रणं बाबांनी वहीत चिकटवली होती, नफ्याचे आकडे लाल शाईने अधोरेखित करून. अभ्यास केला होता तो याच सव्वीसांचा.

उरलेल्या पाचांत एका औषध कंपनीचं सर्टिफिकेट होतं. पन्नास शेअर, दर्शनी किंमत दहा रुपये, साल १९८६, नावं बाबांचं आणि आईचं. त्याला टाचणीने एक ट्रान्सफर डीड लावलेलं होतं आणि डीडवर इंग्रजीत शेरा: सही जुळत नाही.

ती गोष्ट आईला आठवत होती. १९९४ साली बाबांनी हे शेअर विकायला काढले. तेव्हा विकणं म्हणजे सर्टिफिकेट आणि सह्या केलेलं डीड दलालाच्या हाती देणं. घेणारा डीडवर मुद्रांक चिकटवून ते कंपनीकडे नावावर करायला पाठवी. कंपनीतला कारकून फॉर्मवरची मूळ सही काढून डीडवरच्या सहीशेजारी धरायचा. वेलांटी इकडची तिकडे झाली तरी कागद परत. मग तो घेणाऱ्याकडून त्याच्या दलालाकडे, तिथून आपल्या दलालाकडे आणि शेवटी आपल्याकडे असा उलटा प्रवास करायचा. बाजारात याला ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणत, आणि भुर्दंड विकणाऱ्याच्या माथी.

आईने १९८६च्या फॉर्मवर मराठीत सही केली होती. १९८८ साली तिला शाळेत नोकरी लागली आणि पगाराचं खातं उघडताना हेडमास्तरांच्या आग्रहाने ती इंग्रजीत सही करू लागली. डीडवर तिने इंग्रजीत सही ठोकली. बाबांना दलालाचे पैसे परत करावे लागले, ते आठवडाभर धुसफुसत होते, आणि सर्टिफिकेट पेटीत गेलं.

नातेवाइकांत आता हे ‘बाबांची दूरदृष्टी’ म्हणून सांगितलं जातं. लाँग टर्म, संयम वगैरे. मी वाद घालत नाही, पण डीड माझ्याकडे आहे.

१९९६मध्ये डिपॉझिटरी कायदा आला, त्याच वर्षी एनएसडीएल ही डिपॉझिटरी सुरू झाली आणि कागदाचे शेअर डिमॅट खात्यात जमा करण्याची सोय झाली. बाबांनी ते केलं नाही. कागद देऊन टाकायचा आणि बदल्यात स्टेटमेंट घ्यायचं, हे त्यांना पटेना. पुढे २००१च्या जुलैत युनिट ट्रस्टने यूएस-६४ या योजनेची खरेदी-विक्री थांबवली, तेव्हा तर त्यांनी सगळ्यातूनच लक्ष काढून घेतलं. २००९ साली ते गेले.

मी या शेअरांच्या कामाला लागलो २०२३च्या जानेवारीत. पहिला धडा असा, की हातातलं सर्टिफिकेट ही फक्त खूण असते. खरा हिशेब कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, फोलिओ नंबराखाली असतो. मधल्या काळात कंपनीने दोनदा एकास एक बोनस दिला होता: पन्नासाचे शंभर, शंभराचे दोनशे. मग दहा रुपयांच्या शेअरचे दोन-दोन रुपयांचे पाच तुकडे केले. म्हणजे एक हजार. आमच्या पेटीत मात्र पन्नासच, कारण १९९९ला आम्ही घर बदललं आणि कंपनीला पत्ता कळवायचं राहिलं. बोनसची सर्टिफिकेटं आणि लाभांशाचे वॉरंट जुन्या घराच्या दारावरून परत जात राहिले.

सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतला नाही, की कायद्याप्रमाणे तो पैसा आणि त्यामागचे शेअरही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, म्हणजे आयईपीएफकडे जातात. हा निधी सांभाळणारं प्राधिकरण २०१६ साली स्थापन झालं. शेअर विकले जात नाहीत, प्राधिकरणाच्या डिमॅट खात्यात पडून राहतात, आणि मूळ मालकाला ते परत मागता येतात. मागण्याची रीत कळली तेव्हा वीस टक्क्यांवर हे काम करून देणारा माणूस मला अगदीच महाग वाटेनासा झाला. तरी नको म्हटलं.

आधी कंपनीकडून आपला हक्क मान्य करून घ्यायचा. त्यासाठी बाबांचा मृत्यूचा दाखला देऊन त्यांचं नाव वगळायचं. संयुक्त नावं असल्यामुळे वारस दाखल्याची भानगड टळली, एवढं एक सुख. मग आयएसआर-१ हा केवायसीचा फॉर्म. मग नावाचा घोळ: सर्टिफिकेटवर आईचं नाव आद्याक्षरांत, पॅनकार्डावर पूर्ण. ही बाई आणि ती बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र. ते तेव्हा शंभराच्या बाँड पेपरवर झालं. ऑक्टोबर २०२४पासून महाराष्ट्रात त्याला पाचशेचा कागद लागू लागला. नोटरीने न वाचता तीन ठिकाणी शिक्के मारले आणि शिक्क्यांचे पैसे वेगळे घेतले.

आणि मग आयएसआर-२. हा फॉर्म बँकेने भरायचा असतो: ही सही आमच्या खातेदाराचीच आहे, असं अधिकाऱ्याने आपलं नाव, कर्मचारी क्रमांक आणि शिक्का यांसह लिहून द्यायचं. आईला रिक्षाने बँकेत नेलं. काउंटरवर पंचविशीची मुलगी होती. आईने इंग्रजीत सही केली. मुलीने स्क्रीनवर जुनी सही मोठी करून पाहिली, फॉर्म पाहिला, पुन्हा स्क्रीन पाहिली.

“आजी, जरा सावकाश करता का? पहिल्यासारखी.”

आईने आणखी दोनदा केली. त्र्याहत्तर वर्षांच्या हाताला इंग्रजी अक्षरांची जोडणी जमेना. जिथे पूर्वी एक सरळ फटकारा होता तिथे आता सातारा रोडचा घाट. मुलगी वाईट वाटून म्हणाली, “सही जुळत नाहीये, आजी.”

आई हसायला लागली. मुलीला ते कळलं नाही, मला कळलं.

उपाय असा निघाला, की आधी बँकेतलीच नमुना सही बदलायची, मग नव्या सहीने आयएसआर-२. कार्ड पुढे आलं तेव्हा आईने विचारलं, “मराठीत केली तर चालेल?” चालेल, म्हणाली मुलगी. आईने पेन थोडं आडवं धरलं आणि पाटीवर लिहितात तशी, अक्षर सुटं काढत, सही केली. हात तेवढाच थरथरत होता, पण सही ओळखू येत होती.

रजिस्ट्रारने यावर काही हरकत घेतली नाही. बाकी मात्र दोनदा सगळा गठ्ठा परत आला: एकदा रद्द केलेल्या चेकवर नाव छापलेलं नाही म्हणून, एकदा कसलंच कारण न देता. दुसऱ्या वेळी मी तोच गठ्ठा जसाच्या तसा पुन्हा पाठवला आणि तो स्वीकारला गेला. हक्क मान्य केल्याचं पत्र सप्टेंबरात मिळालं. मग आईचं डिमॅट खातं. मग सरकारी पोर्टलवर आयईपीएफ-५ हा मागणीचा अर्ज, त्याची छापील प्रत, इंडेम्निटी बाँड आणि पैसे मिळाल्याची आगाऊ पावती. पैसे मिळायच्या आधीच ते मिळाले असं लिहून द्यायचं, वर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून. ते एक रुपयाचं तिकीट दोन पोस्टांत नव्हतं, तिसऱ्यात होतं. हे सगळं मूळ सर्टिफिकेटासह कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे रवाना. पाकिटात घालण्याआधी आईने ते सर्टिफिकेट चष्मा लावून नीट पाहिलं. फोटो काढून ठेव म्हणाली. काढला.

कंपनी पडताळणीचा अहवाल पाठवते, मग प्राधिकरण निर्णय घेतं. मी दर सोमवारी पोर्टलवर अर्जाचा क्रमांक टाकून पाहायचो. बाबा पोस्टमनची वाट बघायचे, तसाच तोही एक छंद झाला.

२०२४च्या जूनमध्ये दुपारी मेसेज आला: खात्यात एक हजार शेअर जमा. साठलेला लाभांश नंतर बँकेत आला. एकूण किंमत इथे लिहीत नाही. आमच्याकडे भाचे बरेच आहेत.

आईला मोबाइलवर खातं उघडून दाखवलं. हिरवा आकडा, खाली छोटा लाल आकडा. तिने दोन्हींकडे बघितलं.

“आणि विकायचे झाले तर?”

“इथे दाबायचं. पिन टाकायचा, मग ओटीपी येतो.”

“सही?”

“लागत नाही.”

तिने मोबाइल परत दिला. “मग राहू दे,” म्हणाली, आणि पेटीतल्या उरलेल्या चार कंपन्यांबद्दल विचारायला लागली.