नाक खाली, रुबाब वर!

*पन्नाशी ओलांडलेला एक पिकअप ट्रक, अडीच इंचांचा प्रश्न आणि बापलेकांचा चाळीस वर्षं चाललेला वाद. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमधून एक 'लो' प्रेमकथा...*

आपल्याकडे गाडी उंच असली की मालकाची मानही आपोआप उंच होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एसयूव्ही लावून उतरणाऱ्याचा तोरा बघा म्हणजे कळेल. खड्डे, स्पीडब्रेकर आणि पावसाळा बघता त्यात चुकीचं काही नाही म्हणा! पण मी राहतो त्या ईस्ट सॅन होजेत नेमकं उलटं गणित आहे. इथे गाडी जमिनीला जितकी जवळ, तितका तिचा भाव जास्त. आणि ती पळवायची नाही हं! रविवारी संध्याकाळी, काचा खाली करून, गाणी लावून, रमतगमत न्यायची. वेगाचं कौतुक बाकीच्यांना, आमच्या गल्लीला नाही.

या प्रकाराला म्हणतात लोरायडिंग. अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी दुसऱ्या महायुद्धानंतर रुजवलेली ही संस्कृती. त्यातलं एक मोठं नाव म्हणजे सॅन होजे. 'लोरायडर' हे मासिक 1977 मध्ये याच शहरात सुरू झालं आणि 2019 पर्यंत छापून निघत होतं. किंग रोड आणि स्टोरी रोड जिथे एकमेकांना छेदतात, तो चौक म्हणजे इथल्या लोरायडर्सची पंढरीच!

कायदा आणि कलाकारी

गाडी खाली आणणं सरकारला कधीच फारसं रुचलं नाही. कॅलिफोर्नियात 1958 मध्ये नियम आला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली असता कामा नये. यावर 1959 मध्ये रॉन अगिरे नावाच्या तरुणाने भन्नाट तोड काढली. त्याने आपल्या कॉर्व्हेटला विमानातले हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, पोलीस गेला की गाडी खाली! पुढे अनेक शहरांनी रस्त्यावर असं फेऱ्या मारत फिरण्यावरच बंदी आणली. सॅन होजेची बंदी उठली 2022 मध्ये. 2023 मध्ये राज्याने नवा कायदा केला आणि 1 जानेवारी 2024 पासून फिरण्यावरची बंदी आणि उंचीचा तो जुना नियम, दोन्ही राज्यभरातून गेले.

माझ्या शेजाऱ्यांच्या घरातला वाद मात्र कायद्याने मिटणारा नव्हता.

आजोबांचा ट्रक

शेजारचे गृहस्थ साठीचे आहेत. मी मनातल्या मनात त्यांना काकाच म्हणतो. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आजोबांनी, घेतलेला 1972 चा शेव्हरोले सी-10 अजून दारात उभा आहे. आज जिथे सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, तिथे तेव्हा जर्दाळूच्या आणि प्लमच्या बागा होत्या. आजोबांनी या ट्रकमधून फळांच्या पेट्या वाहिल्या आणि त्यावर चार पोरं शिकवली.

काकांना कॉलेजात असल्यापासून हा ट्रक लो करायचा होता. आजोबांचा ठाम नकार. त्यात ऐंशीच्या दशकात मित्राच्या गाडीतून फिरताना काकांना दंडाची पावती मिळाली आणि ती भरली आजोबांनी. मग काय, विषयच बंद! "बसलेला घोडा बाजारात कोण विकत घेतं?" हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या लेखी गाडी खाली आणणं म्हणजे कष्टकरी ट्रकला नटवणं, आणि वर पोलिसाला आमंत्रण देणं.

नव्या कायद्यानंतर आजोबा थोडे नरमले. वय वर्षं 88. त्यांनी एकच अट घातली: ट्रकने पूर्वीइतकंच ओझं वाहिलं पाहिजे. ते जमलं नाही तर जुने पार्ट परत बसवायचे.

कापाकापी की स्पिंडल?

या एका अटीने सगळा प्लॅनच ठरला. काकांनी ठरवलं की मागच्या बाजूला हात लावायचा नाही, फक्त नाक खाली आणायचं. पिकअप कारखान्यातून निघतो तेव्हा त्याची शेपूट थोडी उंच असते, कारण माल भरल्यावर ती दबणार असते. पुढचा भाग दोन-अडीच इंच उतरवला की रिकामा ट्रक छान सपाट दिसतो आणि मागच्या स्प्रिंगा जशाच्या तशा राहतात.

नाक उतरवायचे मार्ग तीन. सगळ्यात स्वस्त म्हणजे पुढच्या कॉइल स्प्रिंगचा वेढा कापणे. पण वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. शिवाय स्प्रिंग चाकापासून आत, आर्मच्या मधोमध कुठेतरी बसते, त्यामुळे ती एक इंच आखूड केली की ट्रक एक इंचापेक्षा बराच जास्त खाली येतो. गॅस कटरने कापली तर उष्णतेने पोलादाचा कसच जातो. दुसरा मार्ग म्हणजे तयार मिळणारी आखूड स्प्रिंग. ही कापलेल्या स्प्रिंगपेक्षा कितीतरी बरी, पण खड्ड्यात चाकाला वर जायला जागा कमीच उरते.

तिसरा मार्ग ड्रॉप स्पिंडलचा, आणि काकांनी तोच निवडला. स्पिंडल म्हणजे ज्याच्या दांड्यावर चाक फिरतं तो भाग. ड्रॉप स्पिंडलमध्ये हा दांडा अडीच इंच वर घेतलेला असतो. चाक काही जमिनीत घुसत नाही, मग बाकीचा ट्रकच अडीच इंच खाली येतो! स्प्रिंग तीच, आर्मचे कोन तेच, चाकाला वरखाली व्हायची मोकळीकही जवळजवळ तेवढीच. सी-10 ला 1971 पासून पुढे डिस्क ब्रेक आले, त्यामुळे काकांना जुनेच डिस्क आणि कॅलिपर वापरता आले.

एका शनिवारचं काम

मी मदतनीस होतो, म्हणजे टॉर्च धरायचा आणि पाने द्यायचे! मागच्या चाकांना अडणी, चासी भक्कम स्टँडवर, चाक बाहेर, मग ब्रेकचा कॅलिपर सोडून तारेने बांधून ठेवला, कारण तो होजवर लोंबकळता कामा नये. खरी भीती स्प्रिंगची. दाबून बसवलेली ती स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणून खालच्या आर्मखाली जॅक लावूनच पुढचं काम. बॉल जॉइंटचे नट काकांनी सैल केले, पण दोन-चार आट्यांवर तसेच ठेवले. हातोडीचे ठोके पडले, 'ठक्' आवाज करत सांधा सुटला आणि नटांनी सगळं धरून ठेवलं. आजोबा खुर्ची टाकून बघत होते. ते म्हणाले, "माझ्या वेळी हे नट काढूनच टाकायचे. एकाचा हात गेला."

संध्याकाळी दोन्ही बाजू झाल्या. सोमवारी व्हील अलाइनमेंट करून घेतली आणि हेडलाइटही वर उचलून सेट केले, कारण नाक उतरलं की उजेडही जवळच पडतो.

मग परीक्षा. आजोबांनी स्वतः उभं राहून मागे खताची पोती भरून घेतली. शेपूट दबली, नाक जरा वर आलं, ट्रक निघाला. आजोबा शेजारच्या सीटवर. रेल्वे फाटकावरून गेला, उतारावरून गेला, कुठे काही घासलं नाही. परत आल्यावर त्यांनी पोती उतरवायला सांगितली, रिकाम्या ट्रकभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "रविवारी किती वाजता निघायचं?"

लो करायचा विचार आहे? मग हे वाचाच!

• आधी जमिनीपासून फेंडरपर्यंतचं माप घ्या. 'अंदाजे' हा शब्द इथे महागात पडतो.
• नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.
• काम झाल्यावर स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासतोय का ते बघा.
• अलाइनमेंट टाळली तर नवे टायर काही महिन्यांत एका बाजूने खलास!
• आणि भारतात? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल लक्षात ठेवा. कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालत नाही, त्यामुळे पाना हातात घेण्याआधी आरटीओत चौकशी करा. स्पीडब्रेकरची चौकशी करायची गरज नाही, तो आपणहून भेटेल!