मशीन ओढत नाही? आधी साफ करा

मैत्रिणींनो, दुरुस्ती शिकणाऱ्या ताईंची एक तक्रार नेहमी ऐकू येते: "डिसोल्डरिंग मशीन ओढतच नाही!" बहुतेक वेळा मशीन बिघडलेलं नसतं, आत सोल्डर अडकलेलं असतं.

या गनचं टोक पोकळ असतं. तापलेलं टोक सोल्डर वितळवतं आणि पंप ते आत ओढून नळीत जमा करतो.

वापरताना: शिसं असलेल्या साध्या सोल्डरला साधारण ३५० अंश सेल्सिअस पुरतं. टोक अलगद टेकवा. पार्टची पिन मोकळी हलली की मगच बटण दाबा. घाई केली, जोर लावला, तर बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडते. मग गिऱ्हाइकाचं नुकसान आपल्यालाच भरून द्यावं लागतं.

काम संपल्यावर: टोक गरम असतानाच सोबत मिळालेली सफाईची तार आतून फिरवा. टोकाला थोडं नवं सोल्डर लावून मशीन बंद करा. नळी थंड झाल्यावर रिकामी करा. फिल्टर कडक किंवा काळा झाला की बदला.

आणि हो, शिसं विषारी असतं. खिडकी उघडी ठेवा, साबणाने हात धुतल्याशिवाय जेवू नका, लेकरांना जवळ घेऊ नका. गटाच्या कर्जातून मशीन घेतलं असेल, तर रोजची ही पाच मिनिटं हप्त्याइतकीच महत्त्वाची!