पॅसिफिक रेल्वेची छायाचित्रे : काय टिपले, काय निसटले

१० मे १८६९ रोजी युटा प्रांतातील प्रॉमन्टरी समिट येथे सेंट्रल पॅसिफिक आणि युनियन पॅसिफिक या दोन कंपन्यांचे रूळ जोडले गेले आणि अमेरिकेच्या पूर्व भागातील रेल्वेचे जाळे प्रथमच कॅलिफोर्नियाशी सांधले गेले. सॅक्रामेंटोकडून आलेला सुमारे ६९० मैलांचा आणि ओमाहाकडून आलेला सुमारे १,०८६ मैलांचा हा लोहमार्ग छायाचित्रणाच्या इतिहासातही तितकाच मोलाचा आहे. कारण त्याच्या बांधणीच्या काळातच कंपन्यांनी नेमलेले छायाचित्रकार कामावर हजर होते. मात्र ही चित्रे कोणासाठी आणि कोणत्या साधनांनी काढली गेली, हे जाणून घेतल्याशिवाय त्यांची साक्ष नीट लावता येत नाही.

त्या काळी ‘वेट प्लेट’ म्हणजे ओल्या काचेची पद्धत रूढ होती. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव पसरायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून प्रकाशसंवेदी करायची आणि थर वाळण्यापूर्वी, म्हणजे अवघ्या काही मिनिटांत, चित्र घेऊन ते रसायनांनी उमटवायचे, असा तो क्रम होता. त्यामुळे काचा, रसायने, पाणी आणि काळोखी तंबू असा सारा संसार घेऊन छायाचित्रकाराला डोंगर चढावे लागत. हालणारी वस्तू पुसट उमटत असल्याने या चित्रांतील इंजिने थांबलेली आणि माणसे मुद्दाम उभी केलेली दिसतात. घणाचे घाव आणि सुरुंगाचे स्फोट त्यांत जवळजवळ नाहीतच.

सेंट्रल पॅसिफिकसाठी आल्फ्रेड हार्ट याने सिएरा नेवाडातील बोगदे, भराव आणि हिमापासून रक्षण करणाऱ्या लाकडी छपऱ्या टिपल्या. त्याची साडेतीनशेहून अधिक चित्रे ‘स्टिरिओग्राफ’ प्रकारची होती; किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेली दोन चित्रे शेजारी चिकटवून विशिष्ट भिंगांतून पाहिली की दृश्याला खोली येते. युनियन पॅसिफिककडे अँड्र्यू रसेल होता, ज्याने यादवी युद्धात लष्करी रेल्वेची छायाचित्रे काढली होती. १८६२च्या कायद्यानुसार सरकारी कर्जरोखे पूर्ण झालेल्या मैलांच्या हिशेबाने मिळत आणि उरलेला पैसा गुंतवणूकदारांकडून उभा करावा लागे. अशा वेळी उंच पूल आणि सरळ रूळ दाखवणारी चित्रे कंपनीची पत वाढवणारी होती.

रूळ जोडले गेले त्या दिवशी काढलेल्या रसेलच्या सर्वांत प्रसिद्ध चित्रात ‘ज्युपिटर’ आणि ‘११९’ ही दोन इंजिने समोरासमोर उभी आहेत, त्यांच्यावर चढलेल्या माणसांच्या हातांत बाटल्या आहेत आणि मध्यभागी सॅम्युएल माँटेग्यू व ग्रेनव्हिल डॉज हे मुख्य अभियंते हस्तांदोलन करत आहेत. सिएरा नेवाडाचा ग्रॅनाइट फोडण्यात सेंट्रल पॅसिफिकच्या ज्या हजारो चिनी मजुरांचा सिंहाचा वाटा होता, ते मात्र या गर्दीत जवळजवळ दिसतच नाहीत, आणि ज्यांच्या भूमीवरून मार्ग गेला त्या आदिवासी जमातींनाही तेथे स्थान नाही. तरीही त्याच दिवशी रसेलने काढलेल्या एका स्टिरिओग्राफमध्ये शेवटचा रूळ बसवणारे चिनी कामगार दिसतात. म्हणजे पुरावा काचेवर होता, पण प्रसिद्धी वेगळ्याच काचेला मिळाली.

पुढे रसेलचे नावही मागे पडले. त्या दिवशी तेथेच असलेल्या चार्ल्स सॅव्हेज या छायाचित्रकाराच्या नावावर रसेलची चित्रे दीर्घकाळ खपली आणि विसाव्या शतकात संशोधकांनी ही चूक दुरुस्त केली. रसेलच्या मूळ काचा आता कॅलिफोर्नियातील ओकलंड संग्रहालयात आहेत. २०१४ मध्ये छायाचित्रकार कॉर्की ली याने चिनी मजुरांच्या वंशजांना आणि इतर आशियाई अमेरिकनांना प्रॉमन्टरी येथे जमवून त्या दृश्याची नव्याने रचना केली. संग्रहातील अप्रसिद्ध चित्रे प्रसिद्ध चित्रांच्या शेजारी ठेवून पाहिली, तर हा लोहमार्ग कोणाच्या श्रमांवर उभा राहिला याचे उत्तर त्याच संग्रहातून मिळू शकते; म्हणून अशा काचा जपणे हे श्रमिकांच्या इतिहासाचे काम आहे.