जुन्या जीपचा धूर बाजूने काढताना

नाला चढताना जीपचं नाक वर जातं, मागचा भाग खाली येतो आणि सायलेन्सरची शेपटी दगडावर आपटते. एटापल्ली-भामरागडकडच्या वाटांवर हे इतक्या वेळा घडतं, की तिथल्या जुन्या जीपांचा मागचा पाइप चेमटलेला किंवा तारेने बांधलेला दिसला तर नवल वाटू नये. म्हणून मालक विचारतात, की हा पाइप मागे न नेता मागच्या चाकाच्या आधीच बाजूने बाहेर काढता येईल का?

येतो. स्पोर्ट्‌स कारवाले हे थाटासाठी करतात. १९६५ च्या शेव्हरोले कॉर्व्हेट स्टिंग रे या गाडीला दाराखालून जाणारे पाइप कंपनीच बसवून देत असे. पण जीपला ही उसनी हौस नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपचा धूर मुळातच उजव्या बाजूला, मागच्या चाकाच्या पुढे निघत असे. पुढे महिंद्राने विलीसच्याच परवान्यावर आपल्याकडे जीपा बनवल्या. तेव्हा आपण जे करणार आहोत, ते जीपच्या जुन्या वळणाचंच आहे.

लोखंड कापण्याआधी कायदा पाहू. धूर कुठे सोडायचा हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत लिहिलेलं आहे. नियम ११२ म्हणतो, की धूर खाली किंवा डावीकडे सोडू नये, मागे किंवा उजवीकडे सोडावा. आपल्याकडे माणसं डावीकडून चढतात-उतरतात आणि पायी चालणारेही बहुधा त्याच बाजूला असतात, हे पाहिलं की नियम लगेच पटतो. नियम ११३ प्रमाणे पेट्रोलच्या नळीपासून धुराचा पाइप ३५ मिलीमीटरच्या आत येता कामा नये. सायलेन्सर काढून टाकायला तर मुळीच मुभा नाही, त्यासाठी नियम १२० आहे. आणि डावीकडे धूर सोडायला मनाई असल्यामुळे दोन्ही बाजूंनी पाइप काढण्याचा बेत असेल तर तो इथेच सोडावा.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत फेरफार करायला आडकाठी करतं. परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडीची नोंदणी एमएच-३४ ची असो वा एमएच-३३ ची, कागद घेऊन आधी आरटीओ कार्यालयात विचारून यावं. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल आणि तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करायची असेल, तर मूळ रूप जपणं ही त्या नोंदणीची अटच आहे. तसंच ज्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा आहे, तिला हात लावू नये. हा लेख त्याआधीच्या पिढीतल्या पेट्रोल जीपांसाठी आहे.

आता गाडीखाली शिरू. जीप सपाट जागी उभी करून चाकांना पाचर लावावी आणि चेसिस भक्कम स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नये. इंजिन पूर्ण थंड असावं. मग धुराची वाट डोळ्यांनी पाहावी. इंजिनच्या सगळ्या सिलिंडरचा धूर आधी मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे ओतीव लोखंडाच्या फाटे असलेल्या नळीत, गोळा होतो. तिथून खाली उतरणारा पाइप, मग आवाज मारणारा सायलेन्सर, मग शेपटी. आपल्याला बदलायचा आहे तो सायलेन्सर आणि त्याच्या पुढचा-मागचा भाग. मॅनिफोल्ड तसाच राहू द्यावा.

पुष्कळ जुन्या जीपांची पेट्रोल टाकी पुढच्या सीटखाली असते. ती कोणत्या बाजूला आहे, नळी कुठून जाते, ब्रेकचा पाइप आणि वायरी कुठे आहेत, हे सगळं खडूने चेसिसवर आखून घ्यावं. टाकी उजव्या बाजूलाच असेल तर पाइप तिच्याखालून न नेता तिच्या मागे वळवावा लागेल. तेवढी जागा मिळत नसेल तर हे काम त्या गाडीसाठी नाही, असं मी स्पष्टच सांगेन.

जुना पाइप सोडवणं सोपं वाटतं आणि तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं. मॅनिफोल्ड आणि पाइप जिथे जुळतात, तिथे फ्लँज, म्हणजे बोल्टसाठी भोकं असलेली जाड चकती असते. तिथले स्टड वर्षानुवर्षं तापून आणि गंजून नटशी एकजीव झालेले असतात. पाना लावून जोर केला, की स्टड आतच तुटतो. मग मॅनिफोल्ड उतरवून लेथवाल्याकडे न्यावा लागतो. त्यापेक्षा आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवावं. सकाळी नट आधी किंचित आवळावा, मग सैल करावा आणि असं पुढे-मागे करत काढावा. नवे नट पितळी घ्यावेत, कारण ते स्टडला चिकटून बसत नाहीत.

पाइप केवढा घ्यावा? जेवढा जाड तेवढी ताकद, असा समज गॅरेजोगॅरेजी आहे. दुसऱ्या टोकाला ‘इंजिनला मागचा दाब लागतोच’ असं म्हणणारेही भेटतील. खरं पाहता इंजिनला दाब नको असतो, धूर वेगाने निघून जायला हवा असतो. अरुंद पाइपात तो तुंबतो. फार रुंद पाइपात त्याचा वेग पडतो आणि कमी फेऱ्यांवरची ओढ घटते. चिखलातून जीप बाहेर काढायला नेमकी तीच ओढ लागते. म्हणून २.२ लिटरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाला मूळ मापाचा किंवा फार तर पाव इंच मोठा पाइप पुरे.

सायलेन्सर आखूड पण खरा घ्यावा. ज्याच्या आत छिद्रांची नळी आणि भोवती काचतंतू भरलेले असतात, तो कमी जागेत बसतो, पण आवाज थोडा मोठा ठेवतो. आत पडदे असलेला सायलेन्सर जड असला तरी शांत असतो. ताडोब्याच्या आसपासच्या गावांत गाडी फिरणार असेल तर हा पडद्यांचाच घ्यावा. वाघाच्या जंगलात गुरगुरणारी जीप कोणालाच नको असते, पर्यटकांना तर नाहीच.

आता वळणं. मोठ्या शहरात यंत्रावर वळण देऊन मिळतं. इकडे बहुधा पाइपात कोरडी वाळू ठासून, तापवून वाकवतात किंवा तिरके तुकडे कापून जोडतात. वाळू ओली असेल तर तापवताना आत वाफ कोंडून ती स्फोटासारखी उडते, म्हणून ती आधी भाजून कोरडी करून घ्यावी. वळण चेपलेलं नसावं.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडाव्यात आणि सीटखालची टाकी उतरवून दूर न्यावी. ‘लांबूनच मारतो, काही होत नाही’ असं कोणी म्हणालं तर काम थांबवावं. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरल्या टाकीहून जास्त धोक्याची असते. वेल्डिंगचा अर्थिंग चिमटा जोडाजवळ, त्याच पाइपावर लावावा. दूर चेसिसवर लावला तर विजेचा प्रवाह बेअरिंगमधून वाट काढू शकतो.

पाइप गाडीखाली धरून आधी नुसते टाके मारून घ्यावेत, पूर्ण वेल्ड नंतर. टाके मारल्यावर मागचं एक चाक जॅकने उचलून पाहावं, म्हणजे पाट्यांची उसळी कुठवर येते ते कळतं. पाटे, टायर आणि फिरणारा प्रॉपेलर शाफ्ट यांच्यापासून निदान बोटभर मोकळी जागा राहिलीच पाहिजे. ती नसेल तर टाका तोडून पुन्हा मारता येतो. पूर्ण वेल्ड झाल्यावर ग्राइंडर चालवत बसावं लागतं.

टांगणी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. इंजिन रबरावर बसलेलं असल्यामुळे हलतं, चेसिस मात्र हलत नाही. पाइप दोन्हीकडे घट्ट बांधला तर काही महिन्यांत वेल्डशेजारी चीर पडते. शिवाय पोलाद तापलं की वाढतं. दर १०० अंश सेल्सिअसला एका मीटरमागे सुमारे १.२ मिलीमीटर, म्हणजे दीड मीटरचा पाइप ३०० अंशांनी तापला तर पाच मिलीमीटरच्या वर लांबतो. म्हणून चेसिसकडच्या टांगण्या रबराच्या असाव्यात आणि इंजिनाजवळ लवचीक जोड द्यावा.

शेवटच्या हातभर पाइपावर मात्र वेळ घालवावा. तोंड बॉडीच्या कडेच्या थोडं बाहेर यायला हवं. ते आतच राहिलं तर धूर बॉडीखाली साचतो आणि ताडपत्रीच्या फटींतून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, पण तो जीव घेऊ शकतो. मागची ताडपत्री पाडून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणं म्हणूनच जिवावरचं काम. तोंड जमिनीकडे वळवलं तर धूळ उडते, वाळलेली पानं तापतात आणि नियमही मोडतो. ते आडवं, किंचित मागे कललेलं असावं आणि आतला पाइप तोंडाकडे हलका उतरता असावा, म्हणजे आतलं पाणी बाहेर पडतं. तोंडाआधी ३०० मिलीमीटर तरी पाइप सरळ हवा, कारण पीयूसी तपासणीची नळी तेवढी आत घालावी लागते. वळण तोंडालाच असेल तर ती अडते.

माणसाचा पाय लागेल तिथे भोकांचा पत्रा पाइपापासून बोटभर अंतर सोडून बसवावा. बाजूने निघणाऱ्या पाइपाने उतरणाऱ्याची पोटरी भाजणं ही जगभरातल्या अशा गाड्यांची जुनी तक्रार आहे. पाइपाला कापडी पट्टी गुंडाळायची फॅशन आपल्याकडच्या पावसाळ्यात महागात पडते. पट्टी ओल धरते आणि साधा लोखंडी पाइप तिच्याखाली सडतो.

पहिल्यांदा इंजिन चालू केलं, की ते थंड असतानाच जाड ओलं फडकं क्षणभर तोंडावर दाबावं. जोडातून फुसफुस ऐकू आली तर गळती तिथे आहे. अर्धा तास चालवून, थंड होऊ देऊन फ्लँजचे नट पुन्हा आवळावेत, कारण नवं गॅस्केट पहिल्या तापण्यात दबतं.

एक उणीव मान्य करावी लागेल. बाजूचं तोंड मागच्यापेक्षा खाली असतं. रपट्यावरून पाणी वाहत असताना इंजिन चालू असेल तोवर धुराचा जोर पाणी बाहेर ठेवतो, मध्येच बंद पडलं तर पाणी पाइपात चढतं आणि लगेच पुन्हा चालू करणं इंजिनाला बाधतं. पर्लकोटा नदीला पूर आला असेल तर पाइप कुठे आहे हा प्रश्नच नाही, थांबायचं.

आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून या वणव्याच्या हंगामात मोहाखाली किंवा सागाच्या पाचोळ्यावर गाडी उभी करू नये. नवा सायलेन्सर आता कडेला आहे, तिथे अडकलेलं पान पटकन पेटतं. गाडी थंड झाल्यावर पत्र्याआड हात घालून अडकलेला पाला काढून टाकावा. उतरवलेला जुना सायलेन्सर आणि पाइप मात्र भंगारात देऊ नका. आरटीओने मूळ रचना मागितली तर तेच पुन्हा बसवावे लागतील.