बाहुली बोलली, कंपनी कोर्टात गेली

१९९७ सालच्या शरद ऋतूत ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर काय काय येऊन गेलं ते पाहिलं की चक्रावून जायला होतं. ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी राजकुमारी डायाना गेली. एल्टन जॉनने शब्द बदलून तिच्यासाठी गायलेलं ‘कँडल इन द विंड’ पाच आठवडे यादीच्या माथ्यावर ठाण मांडून होतं. सगळा देश शोकात होता. मग एक आठवडा स्पाइस गर्ल्सचा आला, आणि त्यानंतर सलग चार आठवडे तिथे विराजमान झालं ते डेन्मार्कहून आलेलं ‘बार्बी गर्ल’. ॲक्वा नावाच्या चौघांच्या बँडचं गाणं. पिपाणीसारख्या बारीक आवाजात एक बाई आपण बाहुली असल्याचं सांगते आणि खर्जातला एक पुरुष तिला फिरायला चलण्याचा आग्रह करतो, एवढाच त्याचा ऐवज. एकट्या ब्रिटनमध्ये त्याच्या १८ लाखांहून अधिक प्रती खपल्या. ऑस्ट्रेलियातही ते पहिलं आलं आणि अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत चढलं.

समीक्षकांनी नाकं मुरडली. पुढे ‘आजवरची सर्वांत वाईट गाणी’ अशा याद्या निघत राहिल्या आणि त्यात हे नाव हमखास असायचं. पोरकट, चिकट, कानाला त्रास देणारं, ही विशेषणं त्याच्या वाट्याला कायमची आली. मला हा निकाल तेव्हाही पटला नाही, आज तर मुळीच पटत नाही. कारण गाण्याकडे नुसतं एकटं पाहून चालत नाही. ते कुठल्या घरात जन्मलं तेही पाहावं लागतं.

ते घर म्हणजे युरोडान्स. साधारण १९८९पासून पुढची सात-आठ वर्षं इटली, जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स इथल्या स्टुडिओंतून हा माल धडाधड बाहेर पडत होता. साचा ठरलेला. मिनिटाला सव्वाशे-एकशेतीसच्या घरातले ठोके, सिंथेसायझरची चार सुरांची लकेर, कडव्याला पुरुषाचा रॅप आणि ध्रुवपदाला बाईचा दणदणीत आवाज. स्नॅप, टू अनलिमिटेड, कल्चर बीट, ला बूश, सगळ्यांची बांधणी थोड्याफार फरकाने हीच. गाणं रचायचे निर्माते, आणि ते पडद्याआडच राहायचे. पुढे उभी राहायची ती बाई. पण ती बाई गात असेलच असं नसायचं.

ब्लॅक बॉक्स या इटालियन त्रिकुटाचं १९८९चं ‘राइड ऑन टाइम’ घ्या. व्हिडिओत दिसते ती फ्रेंच मॉडेल कात्रिन किनोल, आवाज मात्र अमेरिकी गायिका लोलेट्टा हॉलोवेच्या जुन्या रेकॉर्डमधून उचललेला. त्याच बँडच्या पुढच्या गाण्यांना मार्था वॉशने आवाज दिला आणि ओठ पुन्हा किनोलचेच हलले. मार्था वॉश अंगाने भरलेली होती, पडद्यावर शोभणार नाही असं ठरवलं गेलं. तिने दावे लावले, तडजोडी झाल्या आणि त्यातून गायकांची नावं छापण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. तरी प्रकार थांबला नाही. १९९३च्या ‘रिदम ऑफ द नाइट’मध्ये कोरोना म्हणून जगाला दिसली ती ब्राझीलची ओल्गा सूझा, गायली होती जोव्हाना बेर्सोला. आवाज एकीचा, देह दुसरीचा आणि दोऱ्या तिसऱ्याच्या हातात, असा तो कारभार होता.

अशा घरातून एक गाणं उठतं आणि सुंदर दिसणारी, सांगाल तसं बोलणारी, हवे तसे केस विंचरू देणारी, हवे तसे कपडे काढू-घालू देणारी बाहुली प्रथमपुरुषी बोलू लागते. हे बोलणं फक्त खेळण्याच्या दुकानापुरतं कसं राहील? चौघांच्या मनात हा अर्थ होता असा माझा दावा नाही. गाण्यात तो आहे, एवढं मात्र मी ठामपणे म्हणेन. रचनाही तशीच आहे. युरोडान्समध्ये रॅप करणारा पुरुष सहसा मैफलीचा सूत्रधार असतो, लोकांना नाचायला उठवणारा. इथे बँडमधल्या रेने डिफचा आवाज केन या पात्राचा आहे आणि तो फक्त एकाच बाईशी बोलतो, तेही हुकमाच्या सुरात. गायिका लेने न्यूस्ट्रोम त्याला उत्तर देते ते इतक्या चढ्या, इतक्या घासून गुळगुळीत केलेल्या आवाजात की गोडवा संपून थोडी भीती वाटावी. आणि तो आवाज तिचा स्वतःचा होता, दिसत होती तीही तीच.

व्हिडिओतला एक क्षण बघण्यासारखा आहे. झगझगीत रंगांचं खोटं घर, उघडी गाडी, पोहण्याचा तलाव, सगळीकडे हसरे चेहरे. केन बार्बीचा हात धरून ओढतो आणि हात खांद्यातून निखळून त्याच्या हातात येतो. रक्त नाही, किंकाळी नाही. तो हात घेऊन तो नाचतच राहतो. मुलांनी हा विनोद म्हणून पाहिला आणि तो विनोद आहेच. पण प्रेमाने हात धरला तर हात निखळतो, हे अख्ख्या गाण्याचं सार त्या दोन सेकंदांत आहे.

ही माणसं आली कुठून, तेही मजेशीर आहे. सोरेन रास्टेड आणि क्लाउस नोरीन हे दोघे डेन्मार्कमध्ये एका बालचित्रपटाचं संगीत करत होते, त्यात डीजे रेने डिफ सामील झाला. लेने नॉर्वेची, नॉर्वे आणि डेन्मार्कच्या दरम्यान चालणाऱ्या ‘पेटर वेसेल’ या फेरीबोटीवर गाणारी. तिथे रेनेने तिला हेरलं. आधी जॉयस्पीड या नावाने त्यांनी एक बालगीत नाचाच्या तालावर काढलं, ते फारसं चाललं नाही. नाव बदलून ॲक्वा केलं, १९९६मध्ये ‘रोझेस आर रेड’ने डेन्मार्क जिंकलं आणि १९९७मध्ये ‘ॲक्वेरियम’ हा अल्बम आला. बार्बीची कल्पना रास्टेडला किच म्हणजे भडक, सवंग वस्तूंच्या एका प्रदर्शनात बाहुल्या पाहून सुचली.

तीच गोष्ट बार्बीचीही. अमेरिकेची म्हणून मिरवणारी ही बाहुली मुळात युरोपची. जर्मनीच्या ‘बिल्ड’ या वृत्तपत्रात १९५२पासून लिली नावाच्या एका चंट तरुणीची व्यंगचित्रं छापून येत. १९५५मध्ये तिची बाहुली निघाली, ती प्रामुख्याने मोठ्यांच्या थट्टामस्करीसाठी. मॅटेल कंपनीच्या रूथ हँडलर यांनी ती स्वित्झर्लंडमध्ये पाहिली, अमेरिकेत नेली आणि मार्च १९५९मध्ये न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत मुलीचं नाव देऊन ती बार्बी म्हणून उभी केली. मोठ्यांची चावट बाहुली लहान मुलींची आदर्श ताई झाली. चाळीस वर्षांनी डेन्मार्कच्या चौघांनी तिला पुन्हा मोठ्यांच्या खोलीत नेऊन बसवलं आणि मॅटेलच्या अंगाचा तिळपापड झाला.

१९९७मध्येच मॅटेलने गाणं बाजारात आणणाऱ्या एमसीए रेकॉर्ड्सवर कॅलिफोर्नियात दावा ठोकला. म्हणणं असं की आमचा ट्रेडमार्क वापरला, लोकांची दिशाभूल केली, नावाला बट्टा लावला. खरं तर हे गाणं सामाजिक भाष्य आहे आणि बाहुलीच्या उत्पादकांचा त्याच्याशी संबंध नाही, असं अल्बमवरच छापलेलं होतं. मॅटेलच्या बाजूने बोलताना चोरी, बँकेवरचा दरोडा असे शब्द वापरले गेले, म्हणून एमसीएने उलट बदनामीचा दावा लावला. १९९८मध्ये खालच्या कोर्टाने दोन्ही दावे फेटाळले. मॅटेलने अपील केलं.

२४ जुलै २००२ रोजी नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाचा निकाल आला. लिहिला होता न्यायमूर्ती ॲलेक्स कोझिन्स्की यांनी. कायद्याचे विद्यार्थी आजही तो आवडीने वाचतात, कारण तो रुक्ष नाही. ट्रेडमार्क हा माल कुणाचा ते सांगण्यासाठी असतो, असं ते मांडतात. पण काही नावं मालाच्या पलीकडे जातात आणि लोकांच्या बोलीत शिरतात. एखाद्या वस्तूला तिच्या जातीतली रोल्स रॉइस म्हटलं तर कुणी गाड्यांच्या कारखान्याकडे पाहत नाही. अशा नावावर मालकाने सर्वस्वी हक्क सांगितला तर लोकांच्या तोंडचे शब्दच काढून घेतल्यासारखं होईल. जॅनिस जॉप्लिनने गाण्यात देवाकडे मर्सिडीज मागितली म्हणून तिने त्या कंपनीशी भागीदारी केली असं कुणाला वाटलं नाही. तसंच ‘बार्बी गर्ल’ हे शीर्षक वाचून बाहुल्या विकणाऱ्यांनी आता गाणी काढायला सुरुवात केली, असंही कुणी समजणार नाही.

आणखी एक भेद त्यांनी नेमका धरला. दुसऱ्या कुणाची टर उडवण्यासाठी प्रसिद्ध नाव उसनं घेणं वेगळं आणि त्या नावाचीच टर उडवणं वेगळं. इथे थट्टेचा विषय बार्बी आहे, मग बार्बीचं नाव घेतल्याशिवाय बोलायचं कसं? गाण्यामुळे नावाची धार थोडी बोथट होते, बार्बी म्हटल्यावर काहींना आता बाहुलीबरोबर गाणंही आठवेल, हे न्यायालयाने मान्य केलं. तरीही ते गाणं निव्वळ जाहिरात नाही, अभिव्यक्ती आहे, म्हणून त्याला संरक्षण. शेवटी दोन्ही पक्षांनी आता शांत व्हावं असा सल्ला देऊन त्यांनी निकाल संपवला. जानेवारी २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मॅटेलचं अपील ऐकायला नकार दिला.

ज्या गाण्याला संगीताच्या जाणकारांनी ऐकण्याच्या लायकीचं मानलं नाही, ते शब्दन् शब्द लावून ऐकलं ते मॅटेलच्या वकिलांनी. त्यांना त्यातला डंख बरोबर कळला होता. आधीच १९९२मध्ये बोलक्या बार्बीच्या तोंडी गणित अवघड असल्याचं वाक्य घातल्याने कंपनीवर टीकेची झोड उठली होती आणि ते वाक्य काढावं लागलं होतं. पुढच्याच वर्षी काही कार्यकर्त्यांनी दुकानांतल्या बार्बी आणि सैनिकी बाहुल्यांचे आवाजाचे डबे अदलाबदल करून परत फळीवर ठेवले. बाहुलीच्या तोंडी कुणाचं बोलणं घालायचं, हा झगडा ॲक्वाच्या आधीपासून चालू होता.

निकालाचा लाभही लगेच दुसऱ्यांना मिळाला. छायाचित्रकार टॉम फोरसाइथ याने बार्बीला मिक्सरमध्ये, कढईत वगैरे ठेवून छायाचित्रं काढली होती. मॅटेलने त्यालाही कोर्टात खेचलं. २००३च्या शेवटी तोही जिंकला आणि पुढे मॅटेलला त्याच्या वकिलांचा १८ लाख डॉलरहून अधिक खर्च भरावा लागला. एकट्या कलावंताला एवढ्या मोठ्या कंपनीसमोर तग धरता आला, त्याच्या पायाखाली जे दगड होते त्यात या चिकट, पोरकट गाण्याचाही एक होता. वाईट गाण्यांच्या याद्या करणाऱ्यांनी हे कधी जमेस धरलं नाही, याचं मला खरोखर दुःख होतं.

आपल्याकडे हे गाणं केबलवरून आलं. एमटीव्ही आणि चॅनल व्हीवर ते दिवसातून अनेकदा लागे. मुंबई-पुण्याच्या शाळांच्या गॅदरिंगमध्ये गुलाबी फ्रॉक घालून मुली त्यावर नाचल्या. शब्दांतला चावटपणा ना शिक्षकांना कळला ना पालकांना, मुलांना तर नाहीच. त्यांना ताल पुरेसा होता आणि तालात तसं काही वावगं नव्हतं.

ॲक्वाची नंतर ब्रिटनमध्ये आणखी दोन गाणी पहिली आली, ‘डॉक्टर जोन्स’ आणि ‘टर्न बॅक टाइम’. दुसरं संथ आणि उदास आहे. ते ऐकलं की लेनेचा खरा गळा कसा आहे ते समजतं आणि बार्बीचा आवाज तिने किती जाणीवपूर्वक घडवला होता तेही. २००१मध्ये बँड फुटला, पुढे पुन्हा जुळला.

मॅटेलने २००९मध्ये, बार्बीच्या पन्नाशीच्या वर्षी, हेच गाणं शब्द बदलून स्वतःच्या जाहिरातीत वापरलं. दरोडा म्हटलेली चीज घरात आली, फक्त दात काढून. काही जण याला समेट म्हणतात. मला त्यात समेट दिसत नाही. बाहुलीने मनातलं बोलावं हे कंपनीला कधीच मान्य नव्हतं, तिने ठरवून दिलेलं बोलावं एवढंच हवं होतं आणि बदललेल्या शब्दांनी ते साधलं.

कोझिन्स्की डिसेंबर २०१७मध्ये निवृत्त झाले, अनेक स्त्रियांनी त्यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केल्यानंतर. आरोप करणाऱ्यांत त्यांच्या हाताखाली काम केलेल्याही होत्या. बाईला बाहुली समजणाऱ्या जगाबद्दलच्या गाण्याचं रक्षण ज्या लेखणीने केलं, तिच्या धन्याबद्दल हे वाचताना घशाशी कडू येतं. निकाल त्यामुळे चुकीचा ठरत नाही. पण त्याचं कौतुक करताना हे सोडून देणं मला जमत नाही.

८ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॅक डॅनियल्स व्हिस्कीच्या बाटलीसारख्या दिसणाऱ्या कुत्र्यांच्या खेळण्याच्या खटल्यात दुसऱ्याचा ट्रेडमार्क वापरण्याची कलेला मिळणारी सूट आखडती घेतली. दुसऱ्याचं चिन्ह स्वतःच्या मालाची ओळख म्हणून वापरलं तर ती मिळणार नाही, असं ठरलं. मात्र सूट कुठे योग्य ठरते ते सांगताना न्यायमूर्ती एलेना केगन यांनी ‘बार्बी गर्ल’चाच दाखला दिला. पुढच्याच महिन्यात ग्रेटा गर्विगचा ‘बार्बी’ चित्रपट आला. त्यात मूळ गाणं नाही. निकी मिनाज आणि आइस स्पाइस यांच्या त्यातल्या ‘बार्बी वर्ल्ड’ या गाण्यात मूळ गाण्याचा तुकडा आहे, सोबत ॲक्वाचं नाव आहे आणि त्या गाण्याला ग्रॅमीची दोन नामांकनंही मिळाली. मिनाज चाहत्यांमध्ये कित्येक वर्षांपासून स्वतःला बार्बी म्हणवून घेते, तेव्हा ते नाव तिने हक्काने घेतलं होतं. पण हुकूम सोडणारा केन, ताणून बारीक केलेलं ते लाडिक उत्तर आणि दोघांच्या मधली ती अस्वस्थ करणारी जागा ऐकायची असेल, तर आजही १९९७चीच रेकॉर्ड लावावी लागते.